सार्जंटचा भूप

आजोबा देवळाली कॅम्पात
गोऱ्यांच्या बँडचे खानसामा.
जहाज पकडायच्या घाईत एक स्कॉच सार्जंट
उधारीपोटी हे अकॉर्डियन देऊन गेला,
वर दोन चाली.
चालींची नावं सांगितली होती त्यानं,
पण आजोबांच्या लक्षात फक्त रश्श्यांची नावं राहायची.

बाप नाशिकरोडला, प्रेसमध्ये.
दिवसभर नोटा मोजायच्या,
सुटताना झडती: खिसे, डबा, चपलेचा तळ.
"तिथून एक नोट बाहेर येत नाही," म्हणायचा,
"म्हणून घरी येऊन काढतो."
रोज तेच.
आई भाकरी उलटायची, हसायची नाही.

उजवा हात कुणीही शिकवेल,
डावा दिसत नाही,
त्याला वाढवावं लागतं, म्हणे.
ऐंशी बटणं, त्यात एकालाच खळगा.
तिथं बोट टेकलं की घर.
लाइट गेली की बाप खूश,
पट्टे माझ्या खांद्यांवर चढवायचा
आणि अंधारात विचारायचा, घर कुठंय?
मी एस्तेरबाईंच्या घरात शिरलो
तर टाळूवर टिचकी.

आई दम्याची.
रात्री तिचा श्वास कुठं वळतो ते ऐकत
भाता कुठं वळवायचा ते शिकलो.
हे कुणाला सांगितलं नाही.

रविवारी शरणपूरला उपासना,
बाकी दिवस भद्रकालीत
रंभाजी मास्तरांच्या बँडमध्ये,
दोन मापं मोठा लाल कोट घालून.
ओझरच्या लग्नात जनरेटर बसला,
माईक मेला, गाणारा बिडी ओढायला गेला.
वरात रस्त्यात उभी.
मला दुसरं काही सुचेना,
सार्जंटची चाल काढली.
नवरीची आत्या, जी सकाळपासून रुसलेली,
तिनं पदर खोचला.
मग ढोलवाल्याला वाट सापडली.
मास्तर कानाशी येऊन ओरडले,
"अरे, हा तर भूप!
थंडीनं जरा कुडकुडलाय एवढंच."

कुठली थंडी, मला ठाऊक नाही.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात
त्या आठवड्यात पेटीही आखडते,
दोन सूर उशिरा बोलतात.
मी थांबतो त्यांच्यासाठी.
लाइट असते हल्ली,
तरी डोळे मिटतो,
खळगा शोधतो.