गोलातला चौकोन

सकाळी साडेसातला आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत
हराळे फार्मासिस्ट टेबलावर मांडतो बर्फाच्या चपट्या बाटल्या,
घाम सुटू देतो त्यांना.
एकेक उचलायची, कानाशी हलवायची,
आत पाणी बोललं की डब्ब्यात ठेवायची.
दगड झालेला बर्फ लसीला मारतो,
हे कळायला मला दोन वर्षं लागली.
आधी वाटायचं, गार म्हणजे गार.

एका खेपेचे नव्वद रुपये.
डब्बा सरकारचा, गाडी भावजीची, पेट्रोल माझं.
जिंतूर सोडलं की उन्हाचाच रस्ता.
तांड्यावरची लेकरं मला बर्फवाला म्हणतात,
गारेगार मागतात.

शाळा सातवीत सुटली माझी,
पण बाटलीवरचा तो जांभळा गोल मला वाचता येतो.
गोलाच्या आत चौकोन.
चौकोन फिका, तर लस जिवंत.
गोलाइतका गडद झाला, तर गेली.
वास येत नाही, नासत नाही, फुटत नाही,
नुसता चौकोन काळवंडत जातो
कोणाला न सांगता.

मार्च सरत आलेला. सकाळची शाळा.
खैरी फाट्यावर मागचं चाक बसलं.
परिगाबाईच्या हाटेलात डब्बा सावलीला ठेवला,
तर ती म्हणे, उघड की रे, बघू दे काय हाय आत.
म्हणलं, मावशी, उघडलं की गारवा जातो.
माणसासारखंच हाय म्हण की, ती म्हणाली,
अन् आपल्या पदरानं डब्ब्यावरची धूळ पुसली.

दुधाचा टेम्पो आला. मुख्तारनं दोन कॅन सरकवले,
डब्बा मांडीवर घेऊन मी बसलो.
मागं गाडी एकटी, बाभळीला टेकलेली.

पोचलो तेव्हा साडेअकरा.
डोईफोडे सरांनी पोरं पाढ्यांवर अडवून धरली होती,
एकोणतीसच्या पाढ्यावर सगळा वर्ग अडखळत होता.
फाटकापाशी दोन बाया, एक म्हातारा,
सुई घेतली की पोरींना पुढं लेकरं होत नाहीत म्हणे.
शहनाज सिस्टर त्यांच्याशी बोलत होत्या,
आवाज न चढवता, पाणी पीत पीत.

रांगेत पहिला समाधान ढगे. सहावी.
बाही आधीच खांद्यापर्यंत गुंडाळलेली.

ह्याची बहीण अयोध्या.
परसाल नाही, त्याच्या आदल्या साली
घशात पांढरा पडदा, मान सुजून खांद्याएवढी.
परभणी केली, नांदेड केलं.
घटसर्प, असा शब्द मग गावानं शिकला.

त्या साली ह्या शाळेची खेप माझी होती.
मेहुणीचं लग्न होतं. मी गेलो नाही.
दुसरं कोणी गेलं नाही.
कागदावर दोन शब्द, सत्र रद्द.
पुढची तारीख पडली, त्या दिवशी ती शेळ्यांमागं.
मला कोणी काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं
असं कधी कधी गाडीवर वाटतं,
वाऱ्यात मोठ्यानं उत्तर देऊन बघतो.

सिस्टरनी बाटली काढली, उजेडात धरली.
मी पण वाकलो.
मधेच समाधाननं डोकं घातलं, ते काय हाय?
म्हणलं, गोल बघ. आतला चौकोन बघ. कोणता काळा?
त्यानं नीट बघितलं, गणित असल्यासारखं.
गोल काळा, म्हणाला. चौकोन फिका हाय.
मग ठीक, सिस्टर म्हणाल्या.

सुई टोचताना तो माझ्याकडं बघत होता.
मी डब्ब्याचं झाकण दाबून धरलं,
ते आधीच बंद होतं.

एकशेबारा पोरं झाली.
एक चक्कर येऊन पडली, बिस्कीट खाऊन उठली.
वाऱ्यावर कापसाचे बोळे व्हरांडाभर.
बाया फाटकापाशीच होत्या, पण एकीचा नातू
रांगेत दिसला मला, बोललो नाही.

सगळं आवरल्यावर डब्बा रिकामा,
तळाशी चार बाटल्या, आता नुसतं पाणी.
समाधान दंड चोळत उभा.
हात घालू का आत?
घाल, म्हणलं.
त्यानं कोपरापर्यंत घातला
अन् तसाच उभा राहिला,
बाहेर ऊन, टेम्पो हॉर्न वाजवत होता,
मी काही घाई केली नाही.