एकोणतिसावा अ

अकरा वर्षं मी ही सिद्धता फळ्यावर लिहिली.
वर ‘समजा, असं एक यंत्र आहे’,
खाली उजव्या कोपऱ्यात ‘म्हणून विसंगती’,
आणि खडू झटकत, ‘कळलं?’
माना हलायच्या. पंखाही हलायचा.
आठ गुणांना हमखास येते,
म्हणून पोरं ती पाठ करायची
मारवडच्या, पातोंड्याच्या एसटीसारखी:
कधी सुटते तेवढं पुरे,
का सुटते हे कोण विचारतं.

यंदा मार्च संपता संपता
पत्र्याखाली वर्गात बसवेना.
सगळ्यांना सायकल स्टँडमागे नेलं, निंबाखाली.
फरशीवर खडूने वर्तुळं काढली, एकोणतीस,
पहिलं दुहेरी.
‘आज यंत्र तुम्हीच.
ज्याच्या हातात डस्टर, यंत्र त्याच्यापाशी.
मी अक्षर म्हणेन, तुम्ही डस्टर पुढे द्यायचा.
कोणाला द्यायचा ते चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवा.
मोजायचं नाही. आठवायचं नाही.
आपण कितव्या वर्तुळात, एवढंच ठाऊक.
आधी येतील अ, मग येतील ब.
जितके अ तितकेच ब आले, तर शेवटी होय म्हणा.’

युक्ती त्यांनीच काढली.
अ आला की डस्टर उजवीकडे, ब आला की डावीकडे.
चार अ, चार ब. दुहेरी वर्तुळात परत. टाळ्या.
गुणवंत कोळी रुमालाला गाठी मारताना सापडला.
‘ही आठवण झाली!’ यामिनी ओरडली. ‘बाद!’
रुमाल जप्त.

मग मी थांबलोच नाही.
अ, अ, अ,
अठ्ठाविसाव्याला डस्टर तन्वीर पिंजारीकडे,
रांगेच्या टोकाला.
मी म्हटलं, ‘अ.’
त्याने उजवीकडे पाहिलं. कुंपणाची भिंत.

हिम्मत अण्णांना हाक गेली.
ते आले, हातात घंटेचा हातोडा तसाच.
त्यांच्यासाठी भिंतीलगत नवं वर्तुळ.
‘अ.’
कॅन्टीनचा पोरगा आला, कपबशा खाली ठेवून.
‘अ.’

तन्वीर म्हणाला, ‘सर, गोल फिरवू.
शेवटच्याने पहिल्याला द्यायचा. माणसं पुरतात.’
फिरवला.

पहिल्या वर्तुळात देवयानी देसले.
हजेरीखेरीज तिचा आवाज
मी वर्षभरात ऐकलेला नव्हता.
तिने डस्टर घेतला, उलटा करून पाहिला,
झटकला, पुन्हा पाहिला.
‘पण मला कसं कळणार,
हा सुरुवातीचा, का फिरून आलेला?
माझ्या हातात तर दोन्ही सारखेच.
आता मी होय म्हणू का नको?’

कोणी बोलेना.
कॅन्टीनचा पोरगाही कपबशा विसरला.
मग तीच, हळू, घरच्या बोलीत:
‘सर, आख्खं अमयनेर उभं करं ना तरी
तुम्ही आखो एक अ म्हनशातच.’

विभागप्रमुखांनी खिडकीतून विचारलं,
तास चालू आहे का सुटला?
मला नीट सांगता आलं नाही.
फळा नव्हता, त्यामुळे उजवा कोपराही नव्हता,
आणि जे लिहायचं होतं
ते एका मुलीच्या हातात होतं, खडूने माखलेलं.

दोन प्रकरणं मागे राहिली आहेत.
गुणवंत पेपरात काय लिहील, देव जाणे.
तपासणाऱ्याला रुमाल थोडाच दिसणार.
संध्याकाळी फाटकातून शेळ्या शिरल्या,
त्यातली एक दुहेरी वर्तुळात
बराच वेळ उभी राहिली, रवंथ करत.
हाकलावीशी वाटली नाही.

सकाळी घंटेआधीच हिम्मत अण्णा दाराशी.
‘सर, आज माले कथा उभं ऱ्हावानं शे?’