चौदाशे साठ लारी

वहीच्या पहिल्या पानावर आकडा, खाली दोनदा रेघ,
म्हणजे मलाच कळावं की हा वाढणार नाही.
यातले नऊशे आईनं बारीहून धाडलेले.
इटलीत ती एका म्हातारीला रात्री तीनदा कुशीवर वळवते.
बाकीचे माझे, द्राक्षतोडणीचे,
आणि शंभर बादरीकाकाकडून उसने,
ज्यांची तो आठवण देत नाही
असं रोज सांगतो.
मॉनिटरही त्याचाच, बंद पडलेल्या लॉटरीच्या टपरीतला.

आधी प्रोसेसर. सहा कोअरचा, तीनशे दहा.
आठ कोअरचा काचेत शेजारीच होता,
मी ओळख दाखवली नाही.
मदरबोर्ड, लागतील तेवढ्याच खाचांचा.
रॅम सोळा, पण दोन पट्ट्यांत;
एकीत घेतलीस तर लंगडी घालत धावेल,
दुकानातला ओतिया म्हणाला.
ओतिया बरं सांगतो. पण मग तोच
जांभळ्या दिव्यांचे पंखे पुढे करतो, तिनाच्या संचात,
आणि पाण्यानं थंड करणारा कूलर.
चार आण्याची कोंबडी, म्हटलं, बारा आण्याचा मसाला.
त्यानं कूलर उचलला. दिवे तेवढे चालूच ठेवले.

पॉवर सप्लायवर मात्र घासाघीस नाही.
वरच्या मजल्यावरच्या तेमूरनं तिथे साठ लारी वाचवले होते;
त्याच्या खोलीला अजून जळक्या रबराचा वास येतो
आणि तो आता बुद्धिबळ खेळतो.

एसएसडी, कॅबिनेट. उरले तीनशे ऐंशी.
नवं ग्राफिक्स कार्ड सव्वासातशेला,
नाकापेक्षा मोती जड.

म्हणून रिओनी नदीपलीकडे, एका गॅरेजात.
झुराबनं शटर वर केलं.
खुराड्यासारखी लोखंडी मांडणी, भिंतभर,
बहुतेक खण रिकामे.
इथे न दिसणारी नाणी खोदली जात होती;
वीज स्वस्त होती,
मग नाणी स्वस्त झाली.
"तीन वर्षं. एक दिवस बंद नव्हतं," तो अभिमानानं म्हणाला,
आणि लगेच त्याच्या लक्षात आलं
की विकताना हे सांगायचं नसतं.

मी कार्ड हातात घेतलं. वाटलं होतं त्याहून जड.
पात्यांवर धुळीचा थर, एक पातं खरचटलेलं.
तीन वर्षं.
रात्रपाळीचा हिशेब वेगळा नाही.
तीनशे म्हणायचं ठरवून आले होते.
तीनशे चाळीस दिले,
आणि बाहेर पुलावर येईपर्यंत स्वतःवर चिडले.

रात्री आईचा फोन.
"सगळं झालं? कॅमेरा असेल ना त्यात?"
यादीत कॅमेरा नव्हता.
मायक्रोफोन नव्हता. यादीत
मी होते आणि पलीकडून चालून येणारे शत्रू.
असेल, म्हटलं.

सकाळी कॅबिनेट परत केलं. ओतियानं विचारलं, मग ठेवणार कशात?
घरी संत्र्यांचं खोकं होतं, बातुमीचं, फळ्यांत बोटबोट फट,
हवा खेळायला याहून बरं काय.
बोर्ड आत स्क्रूनं बसवला. दोन स्क्रू वाकडे गेले.
पंच्याण्णवचा कॅमेरा.
उरलेले पंचाहत्तर बादरीकाकाला;
त्यानं मोजले, आणि आता
पंचविसांची आठवण देत नाही म्हणाला.

बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही.
(रॅमची पट्टी नीट बसली नव्हती.)
दुसऱ्यांदा पंखे फिरले, आणि खोलीभर
गरम सालींचा वास.

आता ती रात्री जागी असते तेव्हा मी खेळते.
स्क्रीन तिला दिसते, कोपऱ्यात ती मला.
माझ्याकडे सेकंदाला साठ चित्रं, एकही अडखळत नाही.
तिचा चेहरा थांबतो, तुटतो, पुन्हा जुळतो;
म्हातारीच्या घरचं नेट.
त्याला कुठलं कार्ड लावायचं, ओतियालाही ठाऊक नाही.

"तेकले! डावीकडे, डावीकडून येतोय!"
तिचा आवाज पोचेस्तोवर
मी केव्हाच मेलेली असते.
मी काही बोलत नाही. ती थोडा वेळ बघत राहते,
मग म्हणते, पुन्हा सुरू कर,
म्हातारी झोपलीये अजून.