दीड सेकंद

पहिल्या वर्षी मी जे शिकवलं
ते खरं तर वाचून दाखवलं.
एर्देनेतचं कॉलेज, खोली दोनशे चौदा,
बाहेर उणे सव्वीस,
आत गरम पाण्याच्या पाइपांची खडखड
आणि माझा आवाज, एकाच पट्टीत, पन्नास मिनिटं.
वही छातीशी, ढालीसारखी.
सरासरी. प्रमाण विचलन. पुढचं पान.
घंटा झाली की मुलांच्या आधी मीच सुटायचे.

ती नक्कल होती, हे उशिरा कळलं.
उलानबातरला मी ज्यांच्याकडे शिकले
ते खिडकीकडे बघून बोलायचे,
म्हणून मीही.
फरक एवढाच, त्यांच्या खिडकीतून नदी दिसायची;
माझ्या खिडकीतून तांब्याच्या खाणीने ओकलेली माती,
तिच्यावर बर्फ.

नोव्हेंबरात दुलमा बग्श येऊन बसल्या.
निवृत्तीला सात महिने उरलेले,
शेवटचं बाक, थर्मास, मनगटावर जुनं रशियन घड्याळ.
तासभर एक शब्द लिहिला नाही.
नुसत्या रेघा ओढत होत्या,
चार उभ्या, एक आडवी.
मला वाटलं, चुका मोजताहेत.
त्या थंडीत पाठ घामाने भिजली.

नंतर मिठाचा चहा ओतता ओतता म्हणाल्या,
"बावीस प्रश्न विचारलेस.
एकवीसांची उत्तरं तूच दिलीस.
बाविसावा होता 'समजलं ना?'
त्याला प्रश्न म्हणत नाहीत.
तुझा प्रश्न आणि तुझं उत्तर, मध्ये दीड सेकंद.
दीड सेकंदात शेळीसुद्धा मान वळवत नाही गं."

राग आला. खोटं कशाला सांगू.
घरी बटाटे सोलताना पुटपुटत राहिले,
म्हातारीचं काय जातं,
तिला कुठे तीन वर्गांचे पेपर तपासायचेत.

मग काय काय करून पाहिलं.
एक विनोद पाठ करून गेले;
तो तसाच परत घेऊन आले.
रंगीत स्लाइड्स केल्या, दिवे मालवले,
खाणीत रात्रपाळी करून आलेले चौघे
इतके छान झोपले की उठवायला जीव होईना.
गट पाडले. प्रत्येक गटात एकजण लिहायचा,
बाकीचे त्याच्या अक्षराला नावं ठेवायचे.

शेवटी मोजायला लागले, मनातल्या मनात.
तीनला घसा कोरडा.
चारला कुणाच्या तरी बुटाची करकर.
पाचला मीच हरले, उत्तर देऊन मोकळी झाले.
पुढच्या आठवड्यात सहापर्यंत टिकले.

फेब्रुवारीत पुस्तकातले कारखान्याचे दिवे सोडून दिले.
विचारलं, "चारशे मेंढ्या, वजनकाटा एक, हातात एक दिवस.
कळपाचं सरासरी वजन कसं काढाल?"
आणि गप्प बसले.
सहा. सात.
शांततेला वजन असतं, तेही काट्यावर घेता आलं असतं.
आठ.
बुल्गानकडचा बात्सुख, सहा महिन्यांत ज्याचा आवाज
मी फक्त हजेरीला ऐकला होता,
बाकाकडे बघतच बोलला,
"आधी हाताला लागतील त्या घेऊ नयेत, बग्श.
आधी हाताला लागतात त्या म्हाताऱ्या नाहीतर आजारी."

सत्तेचाळिसाव्या पानावर याला भारदस्त नाव होतं.
पान मी उघडलं नाही.
त्याचं वाक्य, त्याच्याच शब्दांत, फळ्यावर लिहिलं.
हात जरा थरथरला, खडू मोडला.
नाव नंतर खाली लिहिलं, लहान अक्षरात.

त्यानंतर सगळं जमलं असं नाही.
पुढच्याच तासाला मी पुन्हा वहीमागे होते,
मार्चमध्ये एका मुलीला उगाच टोचून बोलले,
तिचं बाक दोन आठवडे रिकामं.
तिच्या वसतिगृहावर जाऊन माफी मागितली,
तेव्हा काय म्हणायचं हे कुठल्याच वहीत नव्हतं.

जूनमध्ये दुलमा बग्श निघाल्या.
बसथांब्यावर त्यांचा थर्मास माझ्या हातात.
धीर करून विचारलं,
"तुम्ही किती सेकंद थांबायचात, बग्श?
अगदी सुरुवातीला, पहिल्या वर्षी?"

त्या खाणीच्या ढिगाकडे बघत राहिल्या.
मी मोजू लागले.
नऊ. दहा.
अकराला बस आली.
थर्मास घेतला, आणि चढल्या.