साबणाचं पाणी

सोत्कामोत उणे बावीस. पायरीवर रात्रभर
पितळी नळी उभी,
पोटात साबणाचं पाणी, दोन्ही तोंडांना बुचं.
नुसता बर्फ कडकन तुटतो;
साबण असला की नळीबरोबर तोही वळतो.

भरण्याआधी ती लाल तापवून नरम केली.
परवाच्या दोघी तरीही दुमडल्या, मी घाई केली.
गुडघ्यात मोडून कोपऱ्यात उभ्या आहेत.

साचा बर्चचा, ओइवाच्या हातचा.
तो गेल्यापासून त्याचं हॉर्न
बटाट्यांच्या तळघरात चेपून पडलं होतं.
सात जण वाजवायचो गावात. आता पाच,
त्यातला एक कवळीवाला.

हातमोज्यांतून गारठा चावतो.
अंगठ्यांनी रेटतो, थांबतो, कान देतो:
आत बर्फ बारीक करकरतो,
वर पितळ
एकही सुरकुती न पाडता वळत जातं.

मग ऊन पाण्याची बादली. नळी रिकामी झाली.
सोइली म्हणाली, आजोबा, वाजवून दाखवा.
ओठ लावले, फुंकलं.

सूर नाही आला.
पलीकडच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला,
डुगडुगत खिडकीपर्यंत गेला,
आणि आम्ही दोघंही गप्प,
तो फुटेपर्यंत.