शून्य ते दहा

क्लाक्सविकच्या बंदरावर, दवाखान्याच्या मागच्या खोलीत
एक निळा टब, त्यात बर्फाचं पाणी,
भिंतीवर सेकंदकाटा.
माझं काम एवढंच: किती दुखतंय विचारायचं,
शून्य ते दहा,
आणि चौकटीत आकडा लिहायचा.

रॉग्वी आधी आला. चाळीस वर्षं ट्रॉलरवर,
उजवी करंगळी कुठल्याशा दोरखंडात राहून गेलेली.
मनगटापर्यंत हात बुडवला, जसा कुणा दुसऱ्याचाच.
किती?
दोन.
मिनिटाने पुन्हा, किती?
दोन.
कानामागून घाम उतरत होता,
जबड्यात काहीतरी करकरलं.
तरुण डॉक्टरीणबाई फोन घ्यायला बाहेर गेल्या
आणि दार लागताच
हात वर आला, उकडलेल्या खेकड्यासारखा लाल.
"दोनच असू दे हां," म्हणाला.

मग सुन्वा. मासे कापायच्या कारखान्यात
बोटं कधीचीच वाकडी झालेली.
पाणी लागताच म्हणाली, आठ.
आणि बोलतच राहिली:
आधी सुया टोचतात, मग हाडातून कळ निघते,
कोपरापाशी जरा दम खाते,
मग ठणका, मग नुसती आग.
गंमतच की, बर्फात आग.
मधेच लोकरीचा भाव,
धाकट्या सुनेची तिसरी खेप,
आणि आठ. अजून आठच.
चार मिनिटं झाली. म्हटलं, अहो, काढा हात.
"दुखतंय का विचारलंस, सांगितलं.
काढू का, असं कुठं विचारलंस?"

कागदावर स्त्री, पुरुष, दोन चौकटी.
सांगितलं ते लिहिलं.
जे पाहिलं त्याला रकाना नव्हता.

कोट चढवताना रॉग्वी माझ्याकडे झुकला,
"तिने किती सांगितले?"
आठ.
तो बराच वेळ टबाकडे बघत राहिला.
बर्फाचा एक तुकडा कडेला लागून फिरत होता.
"एकतीस वर्षं झाली लग्नाला," म्हणाला,
"घरी तर कधी काही दुखलं नाही तिला."

बाहेर वारा माणूस ढकलणारा.
सुन्वाला गळ्याशी बटण लागेना.
तो पुढे झाला, डाव्याच हाताने झटू लागला.
उजवा अजून खिशात.
तिने ते पाहिलं,
बोलली नाही,
हनुवटी तेवढी वर केली
त्याला काज सापडावं म्हणून.