निरंक

हद्दवाढीच्या यादीत एकोणिसावं नाव: करोडवाडी.
घरं चव्वेचाळीस. हातपंप दोन, त्यातला एक
दांड्याशिवाय.
जालन्याच्या कार्यालयात नाव वाचून हसले होते सगळे,
करोड कुणाकडं असणार तिथं?

कौतिकबाई खंदारे हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पैशाचं नाही ते, करोडगिरीचं.
निजामाचा नाका व्हता इथं, जकातीचा.
वऱ्हाडातून सरकीच्या गाड्या यायच्या,
रातच्याला बैल सुटायचे, सकाळी पोती मोजायची.
गाड्या थांबायच्या म्हणून कुणी नाल ठोकायला बसलं,
कुणी भाकरी थापायला,
कुणी नुसतंच बसलं, अन् उठायचं राहून गेलं.
हे गाव कुणी वसवलं नाही, साहेब.
हे अडकून पडलेलं गाव.

रकाना सात, ग्रामदैवत.
मारुती. आधी तो मैलाचा दगड होता.
शेंदराच्या बोटभर थराखाली
उर्दूत कोरलंय म्हणे: शहर तीन मैल.
शहर आता चारशे पावलांवर आलं,
फटाक्यांच्या गोदामापर्यंत, पलीकडच्या प्लॉटिंगपर्यंत.
देव तीनच मैल सांगतो.

रकाना आठ, जलस्रोत.
बारव, पायऱ्या चौदा.
वरच्या तीन दिसतात,
बाकीच्यांवर सळईच्या कारखान्याची काळी खडी.
पावसाळ्यात खडीतून बुडबुडे येतात, मदारभाई म्हणाले,
खाली कुणी हुक्का ओढत असल्यागत.

रकाना नऊ, ऐतिहासिक स्थळ.
काय लिहू राह्यले?
निरंक.
म्हंजे?
म्हणजे काही नाही.
काही नाही, तर लिवता कशाला?

मग मला घरामागं नेलं.
शेळ्या बांधल्या होत्या तिथं दोन दगडी खांब,
खांबांवर लोखंडी दांडी,
दांडीला साखळ्या, आणि एकच पारडं,
परातीएवढं नाही, त्याहून मोठं,
बाळंतिणीच्या बाजेच्या अर्धं.
पोलिस ॲक्शनच्या पहाटे मुन्शी दस्तगीर
शिक्का घेऊन गेला, तराजू ठेवून.
सायकलवर मावणार कसा?
दोन वर्षांनी गुलबर्ग्याहून कार्ड आलं त्याचं,
खुशाली नाही, पत्ता नाही,
एकच ओळ: काट्याला तेल देत जा.

तेव्हापासून देतात.
पाचवीच्या दिवशी लेकरू पारड्यात घालतात,
समोर तेवढी ज्वारी,
आणि ती ज्वारी ज्याच्या घरी नाही त्याच्या घरी.
सगळ्यांना आपापलं वजन पाठ आहे.
मदारभाई सव्वातीन शेर.
मी अडीचच भरले, कौतिकबाई म्हणाल्या,
तरी माय म्हणायची, ज्वारी ओली व्हती.

दुसरं पारडं?
आसारामच्या पोरानं विकलं भट्टीवर, मोबाइलपायी.
वितळलं. कुणाच्या तरी स्लॅबात असंल पुण्याला.
आता त्या बाजूला टायर टांगतात,
पासंगाला अर्धी वीट.
वजन खरं येतं का?
त्या माझ्याकडं बघत राहिल्या,
जसा मीच काही खोटं बोललो होतो.

अठरा मीटरचा रस्ता नकाशावर तांबडा आहे.
तो शेळ्यांवरून जातो.
हे मी सांगितलं नाही. चहा प्यालो.

मशीनमध्ये रकाना रिकामा सोडता येत नाही.
मी टाइप केलं: तराजू, पारडं एक.
उत्तर आलं, अवैध नोंद.
खांब दोन, लिहिलं. अवैध.
मग जे लिहायचं ते लिहिलं.

गावाच्या तोंडाशी धर्मकाटा आहे, भंगाराच्या ट्रकांचा.
खड्डा चुकवताना गाडी त्याच्या फळीवर चढली,
आणि तांबडे आकडे थरथरून थांबले:
दोनशे दहा.
मी, मोटारसायकल, नोंदवही,
आणि डिकीत कौतिकबाईंनी बळंच घातलेली
फडक्यात बांधलेली ज्वारी, किती ते माहीत नाही.
खिडकीतून पोरगं ओरडलं,
ओ साहेब, रिकाम्या गाडीचेबी वीस रुपये लागतात.